ऑपरेशननंतर थंडी वाजणं ‘चालायचंच’ नाही!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. अकोले तालुक्यातले माझे एक जुने पेशंट, वय ६८. बीपीचा त्रास, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. ‘भूल देण्यास फिट’ अशी चिठ्ठी मीच लिहून दिली. ईसीजी पाहिला, टूडी इको पाहिला, शुगर पाहिली. दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. “डॉक्टर, ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण बाबा लई कुडकुडायलेत. पलंग हलतोय. दात वाजतायत. सिस्टर म्हणतात, भूल उतरताना असं होतंच.”

तासाभरानं पुन्हा फोन. आता छातीत दुखत होतं. दोन दिवस आयसीयूत काढून मामा सुखरूप घरी आले. त्यांचे कागद पाहायला मागितले तेव्हा मी एक गोष्ट शोधली. ऑपरेशनच्या वेळचा तक्ता नीट भरलेला होता. नाडी, बीपी, ऑक्सिजन, सगळं वेळच्या वेळी. फक्त तापमानाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

छातीत दुखलं ते थंडीमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ६८ वर्षांच्या हृदयाला दुखायला इतरही कारणं असतात. पण त्या कोऱ्या रकान्याबद्दल मला बोलायचं आहे. कारण तो एका हॉस्पिटलचा नाही. आणि त्यात माझाही वाटा आहे. इतकी वर्षं फिटनेसच्या चिठ्ठ्या लिहितोय, पण ‘पेशंटला उबदार ठेवा’ हे तीन शब्द मी एकदाही लिहिले नव्हते.

ही थंडी येते कुठून?

बहुतेकांना वाटतं, ‘एसीमुळे’. काही जण म्हणतात, ‘सलाईन सोसलं नाही’. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे.

तुमच्या शेततळ्याचा विचार करा. शरीराचा गाभा, म्हणजे मेंदू, हृदय, यकृत, पोटातले अवयव, हे आपलं उष्णतेचं तळं. तिथं पातळी ३७ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेली असते. हातपाय आणि कातडी म्हणजे भोवतालचं रान. ते गाभ्यापेक्षा दोन ते चार अंशांनी थंडच असतं. मधल्या रक्तवाहिन्या म्हणजे चाऱ्यांची दारं. बाहेर गारठा वाढला की मेंदू ही दारं आवळतो आणि तळ्यातली ऊब तळ्यातच राखतो. म्हणून थंडीत आपली बोटं गार पडतात, पण पोट गरम राहतं.

भूल दिली की दारं धरणारा माणूसच झोपी जातो. सगळी दारं एकदम उघडतात. तळ्यातली ऊब रानात पसरते. शेताबाहेर थेंबही गेलेला नसतो, तरी तळ्याची पातळी खाली येते. भूल दिल्यानंतरच्या पहिल्याच तासात गाभ्याचं तापमान एक ते दीड अंशानं उतरतं, ते मुख्यतः यामुळे. त्यानंतर ओटीतली गार हवा, उघडं पोट, गार सलाईन हे सगळे ऊब शेताबाहेर नेऊ लागतात. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाचं शरीर सरासरी पाव अंशानं थंड करतं. फ्रीजमधून काढलेली रक्ताची एक पिशवी साधारण तेवढंच.

जागा माणूस तापमान थोडं जरी घसरलं तरी कुडकुडतो. भुलेखाली मेंदूची ही जाणीव बोथट होते, दोन ते चार अंश घसरले तरी तो गप्प राहतो. त्यात स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असलं, तर कुडकुडायचं म्हटलं तरी जमत नाही. मग भूल उतरते, मेंदू डोळे उघडतो, पातळी बघतो, आणि अंगातल्या स्नायूंना कामाला लावतो. तीच ती पलंग हलवणारी हुडहुडी.

म्हणजे हुडहुडी हा रोग नाही. ती गेल्या दोन तासांच्या हिशेबाची थकबाकी आहे. ‘भूल उतरताना थंडी वाजतेच’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. भूल उतरताना थंडी *कळते*. अंग गार त्याआधीच पडलेलं असतं, आणि ते पडू न देणं आपल्या हातात असतं.

वाजली थोडी थंडी, बिघडलं काय?

कुडकुडणं म्हणजे स्नायूंची जोरदार मेहनत. त्या वेळी शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट, काही वेळा त्याहूनही जास्त होते. नाडी पळते, बीपी चढतं. तरुण धडधाकट माणूस हे पचवतो. ज्याच्या हृदयाच्या नळ्या अरुंद आहेत, ज्याची फुप्फुसं बिडीनं किंवा चुलीच्या धुरानं थकली आहेत, त्याला नुकत्याच झालेल्या ऑपरेशननंतर ही धाव परवडत नाही. ताज्या टाक्यांना हिसके बसतात, वेदना वाढतात. डोळ्यातला आणि डोक्यातला दाब वाढतो. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र आणि बीपीचा पट्टा नीट आकडे दाखवत नाहीत, म्हणजे जेव्हा लक्ष ठेवायची सर्वाधिक गरज, तेव्हाच नजर धूसर होते.

आणि न कुडकुडताही गार पडलेलं अंग नुकसान करतच असतं. रक्त गोठायला वेळ लागतो. औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात, त्यामुळे पेशंट उशिरा शुद्धीवर येतो. जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात.

इथं आपल्या भागातली एक गंमत सांगतो. दिवाळी झाली की ऑपरेशनांची गर्दी होते. हर्निया, पित्ताशय, गर्भपिशवी. का? तर ‘हिवाळ्यात जखम पिकत नाही’. माझ्यासमोर बसून कित्येक जण हे सांगतात. जखम पिकू नये म्हणून ऋतू निवडणारे आपण, त्या जखमेला ओटीत किती गारठा बसणार, हे विचारतच नाही! १९९६ मध्ये ऑस्ट्रियात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीसारखं ठेवलं, त्यांचं तापमान सरासरी ३४.७ पर्यंत उतरलं. निम्म्यांना गरम हवा आणि गरम सलाईन देऊन ३६.६ ला राखलं. जखमेत जंतुसंसर्ग किती झाला? गार पडलेल्यांत १९ टक्के, उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. संसर्ग टाळायला आपण महागडी अँटिबायोटिक्स आनंदानं लिहितो. पांघरूण मात्र ‘नर्सचं काम’ म्हणून सोडून देतो.

‘पण नव्या अभ्यासात तर फरक दिसला नाही!’

माझे काही डॉक्टर मित्र लगेच हे म्हणतील, म्हणून मीच सांगतो. १९९७ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या ३०० पेशंटांत, उबदार ठेवल्यानं हृदयाच्या गंभीर तक्रारी ६.३ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आल्याचं दिसलं होतं. पुढे २०२२ मध्ये चीन आणि अमेरिकेतला, पाच हजारांहून अधिक पेशंटांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३७ अंश आणि ३५.५ अंश यांची तुलना होती. हृदयाचा त्रास, जखमेचा संसर्ग, रक्तस्राव यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मी हा निकाल मान्य करतो. म्हणूनच मामांच्या छातीतल्या दुखण्याचं खापर मी एकट्या थंडीवर फोडत नाही. पण या अभ्यासाचा अर्थ ‘गारठू द्या’ असा होत नाही. त्यात दोन्ही गटांतल्या प्रत्येक पेशंटचं तापमान सतत मोजलं जात होतं आणि ३५.५ च्या खाली घसरू नये, याची काळजी घेतली जात होती. तो अभ्यास सांगतो की ३७ चा हट्ट नको. ३४ ला गेलं तरी चालेल, असं तो कुठंही म्हणत नाही. आणि जिथं तापमानाचा रकानाच कोरा आहे, तिथं पेशंट ३५.५ वर होता की ३४ वर, हे कोण सांगणार? मोजलंच नाही, तर नव्या अभ्यासाचा दाखला द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय सगळ्याच गोष्टी टक्केवारीत मोजायच्या नसतात. शुद्धीवर आल्यावर माणसाची पहिली आठवण दात वाजण्याची असावी, हे बरं नाही. ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा थंडीच जास्त लक्षात राहिली, असं सांगणारे पेशंट मला भेटतात.

सिझेरियनची आई

हाच प्रकार कंबरेत दिलेल्या भुलेतही होतो. कंबरेखालची दारं उघडी पडतात, आणि आई जागी असल्यामुळे ऑपरेशन चालू असतानाच कुडकुडते. बाळ दाखवायला आणतात, तेव्हा तिचे हात इतके थरथरत असतात की त्याला जवळ घेता येत नाही. नुकतं जन्मलेलं ओलं बाळ त्याच गार खोलीत असतं. तान्ह्या बाळाला तर कुडकुडताही येत नाही. बाळ जन्मतं ती खोली किमान २५ अंश असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या ओटीतला एसीचा आकडा कधी पाहिलाय?

इंजेक्शन आहे की!

आहे. पेथिडीन, ट्रामाडॉल अशी औषधं हुडहुडी थांबवतात, काही वेळा ती द्यावीच लागतात. त्याबद्दल माझा वाद नाही. पण ट्रामाडॉलनं मळमळ-उलटी होऊ शकते, पेथिडीननं गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो. मुख्य म्हणजे इंजेक्शननं थरथर थांबते, अंग गरम होत नाही. उलट अंगानं स्वतःहून चालवलेली शेगडीच आपण विझवतो. घंटा बंद केली म्हणून आग विझत नाही. इंजेक्शनसोबत ऊब दिलीच पाहिजे.

आणि थंडीशिवायही थरथर होऊ शकते. असह्य वेदना, ताप, रक्ताची किंवा सलाईनची रिअ‍ॅक्शन. कोणती थरथर कशाची, हे ठरवायला पहिली पायरी एकच: तापमान मोजा.

मग करायला हवं तरी काय?

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००८ मध्येच याची नियमावली काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्यातलं महत्त्वाचं सोप्या शब्दांत असं:

१. भूल देण्याआधी तापमान मोजा. तातडीचं ऑपरेशन नसेल, तर ३६ च्या खाली असताना भूल सुरू करू नका.

२. भुलेआधी किमान अर्धा तास पेशंटला गरम हवेच्या पांघरुणात ठेवा. शेताच्या भाषेत, रान आधीच ओलं असलं की तळ्यातलं पाणी कमी मुरतं. हातपाय आधीच उबदार असले, तर भूल दिल्यावर गाभ्यातली ऊब तिकडे कमी धावते.

३. पेशंट उघडा असताना ओटी किमान २१ अंश ठेवा.

४. अर्ध्या तासापेक्षा लांबणाऱ्या ऑपरेशनमध्ये गरम हवेचं यंत्र चालू ठेवा. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त सलाईन द्यायचं असेल, तर ते ३७ अंशांपर्यंत गरम करूनच द्या.

५. ऑपरेशन चालू असताना दर अर्ध्या तासानं आणि नंतर रिकव्हरीत दर पंधरा मिनिटांनी तापमान मोजा. ३६ झाल्याशिवाय वॉर्डात हलवू नका.

सर्जन म्हणतील, ‘डोक्यावर दिवे, अंगावर गाऊन, २१ अंशांत आम्हाला घाम फुटतो, तो जखमेत पडला तर?’ अडचण खरी आहे. उत्तरही त्याच नियमावलीत आहे. पेशंटवर गरम हवेचं पांघरूण घालून ते चालू झालं, की मग एसी कमी करा. आधी पेशंट झाका, मग आपला घाम पुसा. आज क्रम उलटा आहे. सकाळी सातला एसी लावून ओटी ‘तयार’ ठेवली जाते आणि पातळ गाऊन घातलेला, रात्रीपासून उपाशी माणूस त्या गार टेबलावर आणून निजवला जातो.

दुसरी तक्रार, ‘तालुक्याच्या हॉस्पिटलला हे परवडायचं नाही.’ दुर्बिणीची यंत्रसामग्री परवडते, एसी परवडतो, मग त्यांच्यापुढे किरकोळ किमतीचं गरम हवेचं यंत्र परवडत नाही? आणि ते येईपर्यंत साधी पांघरुणं आहेतच. नुसतं एक पांघरूण उघड्या अंगातून जाणारी उष्णता सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतं. ते यंत्राची जागा घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० पासून गावोगावच्या जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि साध्या, स्वस्त, नेमानं केलेल्या गोष्टींनी किती जीव वाचतात, हे जगाला दाखवलं. त्या जिल्ह्यात थर्मामीटर परवडत नाही, असं म्हणायला आपल्याला संकोच वाटायला हवा.

नातेवाइकांनो, आता तुमची पाळी

दोष फक्त हॉस्पिटलचा नाही. थंडीच्या दिवसांत नगरचा पारा बऱ्याचदा दहाच्या खाली जातो. भंडारदरा-घाटघरकडचा गारठा तर विचारू नका. अशा पहाटे चार वाजता डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस तसेच बांधून, उघड्या जीपमधून पेशंटला आणता. मग वऱ्हांड्यातल्या बाकावर दोन तास. भूल मिळण्याआधीच तो अर्धा गारठलेला असतो!

*ऑपरेशनआधी:* अंघोळ गरम पाण्यानं, आणि केस धुवायचे तर आदल्या दिवशी. स्वेटर, कानटोपी, मोजे, जाड पांघरूण सोबत आणा आणि ओटीच्या दारापर्यंत अंगावर राहू द्या. पूर्वीच्या ऑपरेशनला थंडी वाजली असेल, हृदयाचा किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

*ऑपरेशननंतर:* कृपा करून गरम पाण्याची पिशवी किंवा गरम पाणी भरलेल्या सलाईनच्या बाटल्या पेशंटच्या अंगाला लावू नका. पाय बधिर असतात, पेशंट गुंगीत असतो, चटका कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोटरीवर फोड दिसतात आणि ऑपरेशनपेक्षा ती जखम जास्त दिवस पुरते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची आपली जुनी रीत हॉस्पिटलात तर मुळीच नको. जवळ ऑक्सिजन चालू असतो! ‘गरम चहा पाजला की बरं वाटेल’ म्हणून परवानगीआधी घोटभरही देऊ नका, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कोरडी पांघरुणं घाला, डोकं झाका, पंखा बंद करा, ओली चादर बदलून मागा आणि सिस्टरना तापमान मोजायला सांगा.

*लगेच हाक मारा:* छातीत दुखणं, धाप, ओठ निळसर होणं, हाक मारली तरी नीट ओ न देणं. नवी बाटली किंवा रक्ताची पिशवी लावल्यावर थरथर सुरू झाली, तर सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका, सिस्टरना ताबडतोब बोलवा. आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, तर ती भुलेची थंडी नव्हे. संसर्ग तपासावा लागेल.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. सत्तरीपुढच्या माणसांची कुडकुडण्याची ताकद कमी झालेली असते. आजी शांत पडून आहेत म्हणजे त्या उबदार आहेत, असं समजू नका. गार पडूनही न थरथरणारा म्हातारा माणूस थरथरणाऱ्या तरुणापेक्षा जास्त धोक्यात असतो.

तीन प्रश्न विचारा

ऑपरेशनची तारीख ठरवताना तुम्ही खर्च विचारता, टाके किती ते विचारता, डिस्चार्ज कधी ते विचारता. आता आणखी तीन प्रश्न विचारा.

“ऑपरेशन चालू असताना तापमान मोजणार का?”

“पेशंटला गरम ठेवायची सोय काय आहे?”

“सलाईन गरम करून देता का?”

भांडणाच्या सुरात नको, नम्रपणेच विचारा. चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट कित्येक भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं मालकांकडे गरम हवेचं यंत्र मागून थकलेत. तुमच्या प्रश्नानं त्यांची बाजू बळकट होईल. दहा नातेवाइकांनी विचारलं, की अकराव्या पेशंटच्या आधी यंत्र येतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

मी माझ्यापुरता बदल केला आहे. मामांच्या त्या फोननंतर फिटनेसच्या प्रत्येक चिठ्ठीत, शुगर-बीपीच्या सूचनांखाली, मी एक ओळ लिहितो: ‘भुलेआधी, दरम्यान व नंतर तापमान मोजावे; ३६ अंशांवर ठेवावे.’ माझ्याकडून चिठ्ठी घेतलीत आणि ती ओळ राहिली असेल, तर तिथंच मला आठवण करून द्या. आणि ऑपरेशननंतर कागद हातात आले, की तापमानाचा रकाना भरलाय का, तेवढं बघा.

काळजी घ्या, उबदार राहा.

(टीप: हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. तुमच्या पेशंटबाबतचा निर्णय तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी बोलूनच घ्या.)